ठोकलेल्या गाडीची पडलेली किंमत परत कशी मिळवायची

डीलरने डिकी उघडली, गालिचा उचलला, स्टेपनी काढून बाजूला ठेवली आणि तिच्या खालच्या खळग्यात मोबाइलचा टॉर्च मारला. कडेने एकदा बोट फिरवलं. मग हात पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "मागून बसलीय ना?"

मी हो म्हणालो.

"मग साडेचार." पाच मिनिटांपूर्वी हाच माणूस पाच लाख चाळीस हजारांच्या गोष्टी करत होता.

गाडी उत्तम चालत होती. काम अधिकृत वर्कशॉपमध्ये झालेलं, रंग जुळलेला, अलाइनमेंट सरळ. तरी एका बोटाच्या फेऱ्यात नव्वद हजार गेले. नंतर वर्षाहून जास्त काळ खटपट करून त्यातले बरेच मी परत मिळवले. काही ग्राहकाकडून आले, काही समोरच्याच्या विमा कंपनीकडून. या खटपटीत एक गोष्ट लक्षात आली. ठोकलेल्या गाडीची किंमत धडकेमुळे थोडी पडते आणि संशयामुळे जास्त पडते. धडकेचा भाग गॅरेज दुरुस्त करतं. संशयाचा भाग फक्त कागद दुरुस्त करतात, आणि ते कागद अपघाताच्या दिवसापासून गोळा करावे लागतात. मी निम्मे उशिरा गोळा केले, म्हणून हा लेख.

आधी हिशेब: नेमकं काय काय गेलं

बहुतेकांचा समज असा असतो, की कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी आहे म्हणजे सगळं भरून निघेल. तसं होत नाही. आपल्या मोटर पॉलिसीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) भागात स्पष्ट लिहिलेलं असतं, की परिणामी होणारं नुकसान, घसारा आणि झीज यांचे पैसे मिळणार नाहीत. बाजारभाव पडला हे विमा कंपनीच्या लेखी परिणामी नुकसानच. म्हणजे स्वतःच्या कंपनीकडे "माझ्या गाडीची किंमत कमी झाली" म्हणून अर्ज करण्यात अर्थ नाही. तिथे फक्त दुरुस्तीचे पैसे मिळतात, आणि तेही कापून.

ही कापाकापी कशी होते ते माझ्याच बिलावरून सांगतो. गाडी दोन वर्षं आठ महिने जुनी, 1500 सीसीच्या आतली. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रॅफिकमध्ये थांबलो होतो, मागून टेम्पो आला. बिल झालं 1,42,000 रुपये, जीएसटी धरून. त्यात पत्र्याचे भाग 48,000, प्लास्टिकचे (बंपर, टेल लॅम्प, आतली लायनिंग) 22,000, मागची काच 9,000, मजुरी 30,000 आणि रंगकाम 33,000.

दोन ते तीन वर्षांच्या गाडीला पत्र्याच्या भागांवर 15 टक्के घसारा कापतात. गेले 7,200. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर गाडीचं वय काहीही असलं तरी 50 टक्के. गेले 11,000. काचेवर काही कापत नाहीत. रंगाच्या एकत्रित बिलात 25 टक्के माल धरतात आणि त्याचे अर्धे कापतात, म्हणजे 8,250 चे अर्धे, 4,125. वर सक्तीची वजावट 1,000 (1500 सीसीच्या वर इंजिन असेल तर 2,000). एकूण 23,325 माझ्या खिशातून गेले. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असतं तर यातले 22,325 वाचले असते. मी रिन्युअलला साडेतीन हजार वाचवण्यासाठी ते काढून टाकलं होतं. घरात हा विषय अजून निघतो.

तिसरी गळती नो क्लेम बोनसची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणाऱ्या सवलतीची, आणि ती कुणी मोजत नाही. बोनसची शिडी 20, 25, 35, 45, 50 टक्के अशी चढते आणि एका क्लेममध्ये सरळ शून्यावर येते. माझा 25 होता, पुढच्या रिन्युअलला 35 झाला असता. क्लेम न करता पुढची वर्षं 35, 45, 50, 50, 50 अशी गेली असती. क्लेममुळे ती 0, 20, 25, 35, 45 अशी जाणार. दोन ओळींतला फरक जोडला तर 105 टक्के येतो, म्हणजे एका अख्ख्या वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमहून थोडा जास्तच. माझा मूळ प्रीमियम 9,000 होता, तो तसाच धरला तर 9,450 रुपये.

चौथं नुकसान म्हणजे पडलेला भाव. शिवाय गाडी 22 दिवस वर्कशॉपमध्ये होती, त्या काळात रिक्षा-कॅबवर 6,800 गेले.

या हिशेबातून एक उपयोगाची गोष्ट निघते: किरकोळ ओरखड्याला क्लेम करू नका. सात-आठ हजारांच्या बंपरसाठी बोनस घालवायचा आणि वर पॉलिसीच्या इतिहासात एक क्लेम चिकटवून घ्यायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. गाडी घेणारा हुशार असेल तर तो क्लेमची माहिती मागतोच.

रस्त्यावरचा पहिला अर्धा तास

पुढच्या सगळ्या वसुलीचा पाया इथे पडतो किंवा इथेच ढासळतो.

कुणाला लागलं नसेल तर आपल्याकडे लगेच "मिटवून टाका"चा सूर लागतो. माझ्याही बाबतीत टेम्पोवाल्याने खिशातून पाच हजार काढले होते. हवालदार म्हणाले, "कुणाला लागलंय का? नाही ना? मग कशाला कोर्टकचेरीत पाय अडकवताय?" त्यांचं बोलणं आपुलकीचं होतं, पण ऐकलं असतं तर माझ्या हातात पुढे काहीच उरलं नसतं. पाच हजार घेऊन "आमची काही तक्रार नाही" असं लिहून दिलं, की पुढे पन्नास हजारांचं नुकसान निघालं तरी तोंड बंद. मागून बसलेल्या गाडीत बंपरच्या आड काय वाकलंय हे रस्त्यावर उभं राहून ब्रह्मदेवालाही कळत नाही.

म्हणून पैसे घ्यायचे नाहीत आणि सही करायची नाही. फोटो काढायचे: दोन्ही नंबर प्लेट एकाच चौकटीत येतील असा एक, रस्त्याचा एक, ब्रेकच्या खुणा असतील तर त्यांचा, आणि धडकेच्या जागेचे जवळून चार-पाच. समोरच्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचेही फोटो. तो दाखवत नसेल तर एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका, विमा कंपनीचं नाव आणि मुदत तिथे दिसते. डॅशकॅम असेल तर त्याच दिवशी फाइल दुसरीकडे उतरवून घ्या, नाहीतर तो स्वतःवरच पुसून लिहितो.

मग पोलिस ठाणे. बेदरकार गाडी चालवण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं 281 आहे, पूर्वी ते भारतीय दंड विधानातलं 279 होतं. नुसत्या पत्र्याच्या नुकसानीवर गुन्हा दाखल करून घ्यायला ठाण्यात फारसा उत्साह नसतो. निदान स्टेशन डायरीत नोंद व्हावी आणि तिची प्रत मिळावी इतका आग्रह धरा. मी दोन तास बाकावर बसून राहिलो, तेव्हा ती मिळाली. पुढे सगळ्यात जास्त कामाला आला तो हाच एक कागद.

स्वतःच्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. उशीर झाला की कारणं विचारायला त्यांना जागा मिळते.

चूक तुमचीच असेल, खांबावर गाडी घातली असेल, किंवा ठोकून पळालेला सापडलाच नसेल, तर समोरच्याकडून वसुलीचा भाग तुमच्यासाठी नाही. पण वर्कशॉपचा आणि विक्रीचा भाग नीट वाचा. तुमचं सगळं तिथेच आहे.

वर्कशॉपमध्ये

सेकंडहँड बाजारात "ॲक्सिडेंटल" हा शब्द सरसकट वापरला जात असला, तरी जाणकार माणूस त्यात भेद करतो. बंपर, बोनेट, फेंडर, दरवाजा, डिकी हे बोल्टने बसणारे भाग. ते कंपनीचे नवे बसवले असतील तर खरं म्हणजे भाव फारसा पडू नये. भाव पडतो तो सांगाड्याच्या, वेल्डिंगने जोडलेल्या भागांनी: पिलर, ॲप्रन, चॅसीचे लेग, फ्लोअर, छत. तिथे कापाकापी किंवा ओढाओढी झाली असेल तर पुढच्या धडकेत गाडी कशी वागेल याची खात्री देता येत नाही, आणि ग्राहकाची भीती खोटी नसते. माझ्या गाडीत बॅक पॅनल वेल्डिंगचा होता आणि स्टेपनीचा खळगा एका कडेने थोडा दबला होता. डीलरचं बोट फिरलं ते नेमकं तिथे.

म्हणून एस्टिमेट हातात पडलं, की प्रत्येक ओळीसमोर "नवा" की "रिपेअर" हे लिहून घ्या. सर्व्हेअरचा (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते त्या माणसाचा) कल पत्रा ठोकून सरळ करण्याकडे असतो, त्यात विमा कंपनीचा खर्च वाचतो. दरवाजाची खालची कड किंवा डिकीचं तोंड वाकलं असेल तर नवाच भाग मागा आणि कारण लेखी द्या: ठोकून केला तर गॅप जुळणार नाही. सर्व्हेअर गाडी बघायला येईल तेव्हा स्वतः हजर राहा. फोनवर "साहेब बघून गेले" ऐकण्यापेक्षा अर्ध्या दिवसाची रजा स्वस्त पडते. सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागून घ्या. आपणहून कुणी देत नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी तिची किंमतच देतात. माझी आयडीव्ही 5,60,000 होती, म्हणजे रेषा 4,20,000 वर. तुमचं एस्टिमेट या रेषेच्या जरासं अलीकडे अडकलं असेल तर सावध व्हा. इतकी मोडलेली गाडी दुरुस्त होऊन घरी येईल खरी, पण बाजारात तिला कुणी विचारणार नाही. अशा वेळी सगळे भाग उघडून पुन्हा नीट एस्टिमेट करायला लावा. गाडी उघडल्यावर आतलं नुकसान बऱ्याचदा वाढलेलं निघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काम चालू असतानाचे फोटो. मी इथेच चुकलो. गाडी दिली आणि 22 दिवसांनी चकाचक घेऊन आलो. काय कापलं, काय जोडलं, पुट्टी किती भरली, याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. नंतर वर्कशॉपच्या सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये सर्व्हेअरला पाठवलेले चौदा फोटो सापडले, म्हणून निभावलं. तुम्ही तीन वेळा जा. भाग उघडले तेव्हा, वेल्डिंग आणि सरळ करण्याचं काम झालं पण प्राइमर लागला नाही तेव्हा, आणि रंगानंतर. मधला फोटो लाखमोलाचा असतो, कारण उघड्या पत्र्यावर काही लपत नाही.

गाडी घ्यायला जाल तेव्हा रंगाची जाडी मोजून घ्या. मीटर हल्ली बहुतेक मोठ्या वर्कशॉपमध्ये असतं. कंपनीचा मूळ रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो. पुन्हा मारलेला नीट रंग 200-300 पर्यंत जातो. आकडा 500 च्या वर गेला की खाली पुट्टी आहे, आणि हजार दाखवत असेल तर पत्रा सरळ करण्याऐवजी पुट्टीने आकार दिलाय असं समजा. तसं असेल तर गाडी तिथेच ठेवा, सही करू नका. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, तिथे डोळेच वापरायचे. मेटॅलिक रंग असेल तर गाडी उन्हात आणून शेजारच्या पॅनलशी ताडून पाहा. ट्यूबलाइटखाली सगळे रंग जुळतात.

एअरबॅग उघडल्या असतील तर त्या आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा ताणून धरणारे भाग) दोन्ही नवे बसले याची बिलात वेगळी ओळ हवी. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कुणीतरी दिव्याचीच सोय लावलेली आहे.

शेवटी व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट घ्या, त्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असतात. भागांच्या नंबरांसह पूर्ण टॅक्स इनव्हॉइस घ्या. हे सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टाका.

पडलेला भाव मोजायचा कसा

"माझं लाखभराचं नुकसान झालं" असं म्हणून कुणी पैसे देत नाही. आकडा सिद्ध करावा लागतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्टेट फार्म विरुद्ध मॅब्री या खटल्यात विमा कंपनीला अशी घट मोजून द्यायला लावली. तिथून एक सूत्र रूढ झालं: गाडीच्या किमतीचे 10 टक्के, गुणिले नुकसानीच्या गांभीर्याचा अंक (0 ते 1), गुणिले मायलेजचा अंक. अटलांटाला राहणाऱ्या मराठी मंडळींना हे तोंडपाठ असतं. माझ्या गाडीला ते लावून बघितलं. 5,40,000 चे दहा टक्के 54,000. मध्यम नुकसान म्हणून 0.5. गाडी 31,000 किलोमीटर चाललेली, म्हणजे 20,000 मैलांच्या आत, म्हणून मायलेजची कपात नाही. उत्तर 27,000. डीलर मात्र नव्वद कापत होता. दहा टक्क्यांची मर्यादा कंपन्यांच्या सोयीची आहे हे यावरून कळतंच, पण डीलरचा नव्वदही घासाघिशीचा पहिला आकडा असतो. खरा आकडा मध्ये कुठेतरी.

आपल्याकडे असं ठरलेलं सूत्र नाही. मी तीन कामं केली. पहिलं, त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि साधारण तितक्याच चाललेल्या पाच गाड्यांच्या जाहिराती तारखेसह जपून ठेवल्या. दुसरं, तीन डीलरांकडून लेटरहेडवर दोन-दोन आकडे घेतले: न ठोकलेल्या गाडीला काय दिलं असतं आणि या गाडीला काय देता. दोघांनी हात वर केले, तिघांनी दिलं. ठोकलेली गाडी विकायला आलेला माणूस डीलरला नको नसतो, तो परत येईल अशी त्याला आशा असते. तिसरं, परवानाधारक सर्व्हेअर-मूल्यांककाकडून चार हजार रुपये देऊन अहवाल करून घेतला. त्याने घट 60,000 धरली.

समोरच्याकडून वसुली

चूक समोरच्याची असेल तर मोटार वाहन कायदा, 1988 तुमच्या बाजूने आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण म्हणजे फक्त मृत्यू आणि जखमांचं कोर्ट, असा समज आहे. कलम 165 मध्ये त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसानही स्पष्ट घातलेलं आहे, आणि कलम 166 खाली मालमत्तेचा मालक स्वतः अर्ज करू शकतो. समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कार आणि व्यावसायिक वाहनांना 7.5 लाखांपर्यंत, तर दुचाकीला 1 लाखापर्यंत संरक्षण असतं. थोडा प्रीमियम वाचवण्यासाठी काही जण ही मर्यादा 6,000 वर आणून घेतात, म्हणून त्यांच्या पॉलिसीची प्रत नीट वाचा. त्यावरची रक्कम मालकाकडून मागावी लागते.

मुदत सांभाळा. 2019 च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट परत आणली, ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. मुदत ओलांडून युक्तिवाद करत बसण्यापेक्षा पाचव्या महिन्यात अर्ज दाखल झालेला बरा. अर्ज तुम्ही राहता त्या भागातही करता येतो, अपघात झाला त्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. मालमत्तेचं नुकसान 2,000 रुपयांहून जास्त असेल तर न्यायाधिकरणाऐवजी दिवाणी न्यायालयात जाण्याचा पर्यायही कायद्यात आहे. कुठे जायचं ते वकिलाला विचारून ठरवा.

काय मागायचं? दुरुस्तीचे जे पैसे तुमच्या कंपनीने दिले ते पुन्हा मागू नका. एका नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत आणि मागितले तर बाकीच्या मागणीवरचा विश्वासही उडतो. मी मागितलं ते असं: कापलेले 23,325, कॅबचे 6,800, बोनसचे 9,450, पडलेल्या भावाचे 60,000. एकूण 99,575. कायद्यात "बाजारभावातली घट" अशी वेगळी ओळ नाही, ती मालमत्तेच्या नुकसानीचा भाग म्हणून मांडावी आणि सिद्ध करावी लागते. समोरचा वकील त्यावर आक्षेप घेणार हे गृहीत धरा. मूल्यांककाचा अहवाल त्यासाठीच. मोबाइलमधले फोटो आणि व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, जुन्या वकिलांच्या तोंडी ते अजून जुन्या पुरावा कायद्यातलं "65 बी" आहे.

अर्जाच्या आधी एक नोटीस जरूर पाठवा, वाहनमालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला, स्पीड पोस्टाने. छोटी रक्कम कधीकधी नोटिशीवरच मिटते. आणि माझं स्पष्ट मत असं, की एकूण मागणी पंचवीस-तीस हजारांच्या आत असेल तर नोटिशीवर जे मिळेल ते घ्या. वकिलाची फी आणि तारखांच्या रजा धरल्या तर पुढे जाण्यात हशील नाही.

स्वतःची कंपनी दुरुस्तीचा क्लेम नाहक कापत असेल तर तो वेगळा झगडा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा, दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, आणि तिथे फी नाही.

विकताना

आधी हे ठरवा, की विकायचीच आहे का. गाडी आणखी सहा-सात वर्षं वापरणार असाल तर पडलेला भाव कागदावरच राहतो. दहा वर्षांच्या गाडीचा बॅक पॅनल कुणी विचारत नाही.

विकायची असेल तर दुरुस्तीनंतर लगेच नेऊ नका. ताजी दुरुस्ती आणि विक्री एकत्र दिसली, की ग्राहकाला वाटतं, काहीतरी कळलंय म्हणून हा झटकतोय. पाच-सहा महिने वापरा, मधली एक सर्व्हिस अधिकृत ठिकाणी होऊ द्या, टायर सारखे झिजतायत हे दिसू द्या. वर्षभर मात्र थांबू नका, वयाने भाव पडतोच. डिसेंबर उलटला की गाडी एका रात्रीत वर्षाने म्हातारी होते.

डीलरपेक्षा थेट ग्राहक बरा. डीलरला पुढे विकायची असते, त्याला पुढच्याला समजावत बसायचा वेळ नसतो, म्हणून तो संशयाची किंमत आधीच कापून घेतो. स्वतः वापरणारा माणूस कागद वाचतो.

आणि लपवू नका. यात सज्जनपणा कमी आणि व्यवहार जास्त आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं ही फसवणूक ठरते, आणि तसा व्यवहार समोरच्याला रद्द करता येतो. दुसरं म्हणजे ते लपतच नाही. माझ्याकडे शेवटी जे गृहस्थ आले त्यांनी सोबत चाकणचा एक मेकॅनिक आणला होता. त्याने डिकीच्या कडेचं रबरी बीडिंग ओढून काढलं आणि खालचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके मोजायला सुरुवात केली. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, हाताने केलेले नसतात. मी जाहिरातीतच लिहिलं होतं: "मागून धडक, बॅक पॅनल व डिकी नवी, सर्व फोटो व बिलं उपलब्ध." मेकॅनिक मोजत असताना मी फोल्डर उघडून उघड्या पत्र्याचा फोटो पुढे केला. त्याने फोटो पाहिला, डिकीत पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि बीडिंग बसवून टाकलं. "काम बरं केलंय," एवढंच म्हणाला. ते गृहस्थ त्याच्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

भाव ठरला 5,10,000. डीलरच्या साडेचारपेक्षा साठ हजार जास्त. न ठोकलेल्या गाडीपेक्षा तीस कमी, आणि ते तीस रास्तच होते.

आरसी ट्रान्सफर स्वतः लक्ष घालून करा. फॉर्म 29 आणि 30 भरून, एकाच राज्यातली विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म 35 आधी लावून बोजा उतरवून घ्या. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर त्या गाडीच्या पुढच्या अपघाताची जबाबदारीही तुमच्याकडे येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात नोंदणीकृत मालकालाच मालक धरलं आहे. तुमचा नो क्लेम बोनस शिल्लक असेल तर गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तीन वर्षांत नव्या गाडीला लावता येतो.

दावा चालू असताना गाडी विकली तर फोल्डर ग्राहकाला देण्याआधी प्रत्येक कागदाची प्रत काढून ठेवा, आणि विक्रीच्या करारात किंमत खरी लिहा. कमी भावाने झालेली विक्री हाच घटीचा सर्वात ठोस पुरावा. फक्त तो दोन्ही बाजूंनी कापतो. माझा दावा चौदाव्या महिन्यात लोक अदालतीत आला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी करार बघून पहिलं वाक्य हेच टाकलं: "साठ कुठून आणलेत? तीसच तर पडले." मला ते मान्य करावं लागलं. उरलेल्या 69,575 वर घासाघीस होऊन 50,000 वर तडजोड झाली. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे तिथे सही करण्यापूर्वी आकडा आणि धनादेशाची मुदत दोन्ही निवाड्यात लिहिलेली आहेत ना, ते वाचून घ्या. माझा धनादेश सातव्या आठवड्यात आला.